बिनतारी तासगाव

खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला एकच प्रश्न विचारला. माझे गाव कोणते, घरात माणसे किती, पाहुण्यांचा राबता आहे का, यांपैकी काहीही नाही. ते उंबऱ्यात उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, कपडे वाळवायला तार लागंल का?"

"लागेल की," मी म्हणाले.

"मग खोली न्हाई."

कडेगावातल्या माझ्या शाळेपासून ती खोली जवळ होती, उजेड भरपूर होता आणि पाणी गोडे होते. मी थोडा विचार केला आणि कपडे गच्चीच्या कठड्यावर वाळवीन असे सांगितले. त्यांनी लगेच किल्ली हातावर ठेवली. पुढची चार वर्षे मी साड्या कठड्यावर वाळवल्या. त्यांतल्या दोन शेजारच्या उसात उडून गेल्या, पण त्या घरात तार आली नाही.

हे गृहस्थ टेलिफोन खात्यातून लाइनमन म्हणून निवृत्त झाले होते. गाव त्यांना तात्या म्हणे, म्हणून मीही म्हणू लागले. तीस वर्षे तारा ओढण्यात आणि तुटलेल्या तारा शोधण्यात गेलेल्या माणसाला तारेचा इतका तिटकारा का, हे मला आधी कळेना. मग त्यांनीच एकदा समजावून सांगितले. उसाची ट्रॉली उंच भरली की तार तोडते. वीज पडली की तार जळते. खारी कुरतडतात, चोर कापून नेतात, आणि लग्नाच्या मांडवाला दोरी कमी पडली की वरातीतली माणसे खांबावर चढतात. "तार म्हंजे तक्रार," असा त्यांचा सिद्धान्त होता. तो ते इतक्या ठामपणे मांडत की मी फळ्यावर नियम लिहिताना मला त्यांचा आवाज ऐकू येई.

त्यांच्या सवयी त्यांच्या कामातून आलेल्या होत्या. फोन उचलल्यावर ते कधी 'हॅलो' म्हणत नसत, "आलं. बोला," म्हणत. लाइन तपासताना एका टोकाचा माणूस "बोल" म्हणे आणि दुसऱ्याने "आलं" म्हणायचे, अशी त्यांची पद्धत होती. अंतर ते खांबांत सांगत. शाळा अकरा खांब, एसटी स्टँड सतरा खांब. ते खांब केव्हाच उपटले गेले होते, तरी मोजणी चालू होती. वर्षभरात मीही आईला फोनवर "बाजार इथून आठ खांब आहे," असे सांगू लागले, आणि आई घाबरली.

एक सवय मात्र कामातली नव्हती. भर मे महिन्यात ते घरात लोकरीचे मोजे घालून चालत. मी कारण विचारले तेव्हा त्यांनी मला त्यांच्या खोलीत नेऊन मुलाच्या संगणकापुढे बसवले.

मुलगा सैन्यात होता. एका सुट्टीत त्याने त्या संगणकावर ठोकळ्यांचा एक खेळ घालून दिला होता, दहा दिवसांत वडिलांना शिकवला होता आणि तो ड्यूटीवर परत गेला होता. हा खेळ ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी टप्प्याटप्प्याने सांगते. त्यातले सगळे जग चौकोनी ठोकळ्यांचे असते. माती, दगड, पाणी, झाड, मेंढरूसुद्धा चौकोनी. ठोकळा फोडायचा आणि हवा तिथे बसवायचा, एवढाच खेळ. त्या जगात आपण स्वतः एका माणसाच्या रूपाने हिंडतो, आणि जोडणी करून दिली तर वेगवेगळ्या गावांतली माणसे आपापल्या संगणकावरून त्याच एका जगात येऊ शकतात.

त्या जगात वीज वाहून नेणारी एक लाल भुकटी असते. ती जमिनीवर ओळीने पसरली की एका टोकाचा खटका दाबल्यावर दुसऱ्या टोकाचा दिवा लागतो. म्हणजे ती तारच. मुलाने हौसेने ती पहिल्याच दिवशी शिकवली. तात्यांनी पाहिली आणि ते म्हणाले, "हितं पन तारच का रं?" त्यानंतर त्यांनी त्या भुकटीला हात लावला नाही.

त्यांना हवे ते त्यांनी स्वतः शोधून काढले. त्या खेळात एक निळसर ठोकळा असतो. त्याला कान असल्यासारखे आहे. जवळपास कुणी चालले, दार उघडले, काही पडले, की ते कंपन त्याला तारेशिवाय कळते. त्याच्या शेजारी जांभळा स्फटिक ठेवला तर तो स्फटिक तेच कंपन पुढे उमटवतो. पुढे काही पावलांवर दुसरा निळा ठोकळा ठेवायचा, त्याच्या शेजारी दुसरा स्फटिक. असे करत कंपन एका ठाण्यावरून दुसऱ्या ठाण्यावर उड्या मारत जाते. मध्ये ना खांब, ना तार. मी पंधरा वर्षे मुलांना ध्वनी आणि कंपन हा पाठ शिकवला आहे, पण त्या दिवशी त्या पडद्यापुढे माझ्या अंगावर काटा आला.

"आनि मोजे?" मी त्यांच्याच बोलीत विचारले.

"लोकर मधी आली की कंप मरतोय," ते डोळे बारीक करून म्हणाले. "न्हाईतर आपल्याच पावलानं आपली लाइन वाजती. हितं दबकत चालायची सवय लागली, की तिथं पन लागती."

खेळातल्या लोकरीच्या ठोकळ्याला ते घोंगडं म्हणत, आणि जिथे आवाज अडवायचा तिथे घोंगडी लावत.

मग मी रोज शाळा सुटल्यावर त्या खोलीत जाऊ लागले. ते बांधत होते कडेगाव ते तासगाव ही जुनी लाइन. तीस वर्षे पायाखाली घातलेला तो सगळा रस्ता त्यांना पाठ होता. कुठे चढ, कुठे ओढा, कुठे चिंच, कुठे वळण. अंतर त्यांनी खेळापुरते आखडून घेतले होते, पण क्रम एकही चुकू दिला नव्हता. कडेगावच्या अंगाला उसाचे फड आणि डोंगर, मध्ये कुंडल, पुढे येरळेचे पात्र, मग द्राक्षांचे मांडव आणि बेदाण्याच्या शेडा. प्रत्येक ठाण्याला क्रमांक होता आणि प्रत्येक ठाण्याची नोंद एका जाड वहीत होती. त्या वहीवर 'तक्रार वही' असे लिहिले होते. दोष, कारण, उपाय, दुरुस्ती, असे चार रकाने. मला ती वही फार आवडे. माझ्या नववीच्या वर्गातली एकही प्रयोगवही इतकी स्वच्छ नव्हती.

पहिल्यांदा चार ठाणी ओलांडून दिवा लागला तेव्हा आम्ही दोघेही ओरडलो. दोन मिनिटांनी तो आपोआप पुन्हा लागला. मग पुन्हा. कुणीही काही न करता दिवा लुकलुकतच राहिला. तात्या त्या रस्त्याने दबकत तपासायला गेले आणि तिसऱ्या ठाण्यापाशी थांबले.

"मेंढरं आल्यात लाइनीवर," ते म्हणाले. "बगा की! पाचजनी बोलाय लागल्यात."

चरणाऱ्या मेंढरांच्या पावलांचे संदेश पुढे जात होते. मग त्यांनी असे ठोकळे बसवले की ज्यांना फक्त दार उघडल्याचेच कंपन ओळखता येते. त्यानंतर मेंढरांनी कितीही नाच केला तरी दिवा हलला नाही. कडेगावात दार उघडायचे आणि तासगावात दिवा लागायचा, एवढे सोपे ते झाले. एखाद्या किचकट गणिताचे उत्तर एका ओळीत यावे, तसा तो आनंद होता.

"तासगावच का?" मी एकदा विचारले.

त्यांनी वही मिटली. मग म्हणाले, "तिथं माजा जॉइंटर ऱ्हातोय."

जॉइंटर म्हणजे जमिनीखालच्या केबलचे जोड करणारा कारागीर. एका केबलच्या पोटात बारीक तारांच्या शेकडो जोड्या असतात. खड्ड्यात मांडी घालून प्रत्येक जोडीचा रंग बघून ती तिच्या जोडीदाराशी जुळवायची. तात्या वरचे आणि जॉइंटर खालचा, अशी या दोघांची तीस वर्षे गेली होती. एकमेकांना ते नावाने हाक मारत नसत. हा म्हणे "जॉइंटर", तो म्हणे "लाइनमन".

नऊ वर्षांपूर्वी कुंडलला मोबाइलचा नवा टॉवर उभा राहिला. तारेच्या तक्रारी संपणार, या आनंदात तात्यांनी साताऱ्याहून कंदी पेढे आणले आणि टॉवरखाली उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला वाटले. टॉवरपासून दोन खांबांवर खड्ड्यात जॉइंटर बसला होता. शंभर जोड्यांतल्या निम्म्या जुळवून झाल्या होत्या. तात्यांनी वाकून त्याच्यापुढे पेढा धरला. त्याने तो घेतला, खड्ड्याच्या काठावर ठेवला आणि विचारले, "लाइनमन, ह्यो जोड पुरा करू का बुजवू?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"तवा तोंडात पेढा हुता, बाई," तात्या म्हणाले. "गिळूस्तवर त्यो उटून गेला."

त्यानंतर दोघे एकमेकांशी बोलले नाहीत. तात्यांनी फोन केले, ते उचलले गेले नाहीत. ईदच्या दिवशी ते त्याच्या दारापर्यंत जाऊन माघारी आले. आता या खेळातल्या लाइनीने तासगावात दिवा लावायचा आणि जॉइंटरने तो बघायचा, एवढी एकच गोष्ट त्यांना हवी होती.

शाळेचे विज्ञान प्रदर्शन जवळ आले होते. मुख्याध्यापकांना विचारून मी सभागृहाच्या पडद्यावर या लाइनीचे प्रात्यक्षिक ठरवले आणि तासगावला गेले. जॉइंटरच्या लेकीचे ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचे दुकान होते. दोन संगणक, एक छपाईयंत्र आणि दाराशी रांग. बाहेर बाकावर पांढऱ्या टोपीतले, पांढऱ्या दाढीचे एक गृहस्थ सुपात बेदाणे घेऊन काड्या वेचत होते. तेच जॉइंटर. मी त्यांना चाचा म्हटले आणि आल्याचे कारण सांगितले.

"तुमी त्येच्या घरात ऱ्हाता?"

"हो."

"तार बांदू दिली का कपड्याला?"

"नाही."

ते आवाज न करता हसले. "न्हाई सुदरला." मग काड्या वेचता वेचता म्हणाले, "बगीन मी. हितं लेकीच्या दुकानात बसून बगीन. पन माजी अट त्येला सांगा. दिवा लागला, तर मी उटून घरला जानार. माज्याबिगर चालतंय, ह्ये पुन्यांदा कळलं म्हनायचं. आनि न्हाई लागला, तर पोट धरून हसनार."

संध्याकाळी मी हा निरोप शब्दशः सांगितला. तात्या चहा गाळत होते.

"उटून जानार म्हनला?"

"हो."

"आनि न्हाई लागला तर हसनार?"

"पोट धरून, असे म्हणाले."

"हसाय मानसाला बसावंच लागतंय की, बाई," तात्या म्हणाले. त्यांनी चहा दोन कपांत अगदी सारखा ओतला आणि ते वही घेऊन आत गेले.

प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी मी शिक्षिकेच्या शिस्तीने विचारले, "सगळ्या लाइनीची चाचणी घेतलीत ना?"

"घेतली की. तीनदा. पोरगं ड्यूटीवरनंच खेळात येऊन त्या टोकाला उबं ऱ्हायलं हुतं."

"मी खेळात कुठे उभी राहू?"

"तुमी कुटंच नगा. तुमी हॉलात माइक धरा."

सभागृह भरले होते. विद्यार्थी होते, पालक होते, सुट्टीवर आलेले जवान होते, साखर कारखान्यातली माणसे होती. पडद्यावर खेळातले कडेगाव दिसत होते. मी माझा फोन माइकला लावून ठेवला होता. पलीकडे चाचा लेकीच्या शेजारी बसले होते आणि त्यांच्या पडद्यावर खेळातल्या तासगावचा विझलेला दिवा होता. दिवा लागला तर चाचा उठून जातील, न लागला तर तात्यांची गावात शोभा होईल. नेमके काय व्हावे, हेच मला ठरवता येईना.

तात्यांनी दार उघडले. पहिले ठाणे चमकले, दुसरे, तिसरे, मग डोंगराच्या कडेपर्यंत एकेक निळा ठिपका उजळत गेला. सभागृहातून "आऽऽ" असा आवाज उठला. कडेच्या पलीकडे काय झाले ते आम्हाला दिसत नव्हते.

"चाचा, लागला का?" मी विचारले.

"न्हाई."

तात्यांनी दार लावले, पुन्हा उघडले. पुन्हा निळे ठिपके डोंगरापर्यंत गेले.

"आता?"

"न्हाई," चाचा म्हणाले आणि फोनमधून खरोखरच हसण्याचा आवाज आला. सभागृहही हसू लागले. मागून कुणीतरी ओरडले, "तात्या, वायर टाकायची हुती की!" मुख्याध्यापकांनी घड्याळाकडे पाहिले. मला राग आला. तात्या मात्र हाताची घडी घालून उभे होते.

हसू थांबल्यावर चाचांचा आवाज आला. "बाई, मधी कोन हाय?"

"मध्ये कुणी नाही. दोन टोकांना दोघेच आहेत."

"मग कसं चालंल? लाइन लांबली की मधल्या जोडावर मानूस बसवाय लागतो. इचारा त्येला, कुंडलच्या जोडावर तीस वर्सं कोन बसत हुतं?"

मी माइक तात्यांपुढे धरला.

"तूच," तात्या म्हणाले. नऊ वर्षांतला तो पहिला शब्द होता. "ये की मग."

चाचा खेळ खेळलेले नव्हते. पण दुकानात दोन संगणक होते. लेक पहिल्यावर दिव्यापाशी थांबली आणि चाचांना तिने दुसऱ्यावर बसवले. कोणत्या बटणाने चालायचे आणि कोणत्याने उडी मारायची, ते तिने सांगितले. मग जो प्रवास झाला तो आम्ही फक्त ऐकला.

"आता कुटं जाऊ?"

"सरळ. डाव्या अंगाला बेदान्याची शेड लागंल."

"लागली. शेडला दार उलटं लावलंयस."

"खऱ्या शेडचं पन उलटंच हाय."

"व्हय की रं!" थोडा वेळ खडखड आवाज आला. "आरं, पान्यात पडलो!"

"येरळा हाय ती. वर यायचं बटान दाब. सोडू नगंस, दाबून धर!"

"अब्बा, स्पेस! स्पेस दाबा!" लेकीचा आवाज आला. सभागृहातले शंभर जण "स्पेस! स्पेस!" ओरडू लागले. मीही ओरडत होते. एक निवृत्त जॉइंटर न दिसणाऱ्या नदीतून वर येत होता.

"आलो वर," चाचा धापा टाकत म्हणाले, जणू खरेच पोहून आले होते. चिंच लागली. वळण लागले. टॉवर लागला. मग बटणांची खडखड थांबली.

"हितं खड्डा हाय, लाइनमन."

"हाय."

"कुनी खांदला?"

"तुजाच हाय. उतर की."

बटणे पुन्हा खडखडली. आता सभागृहात कुणी हसत नव्हते.

"उतरलो," चाचा म्हणाले. मग सावकाश, एकेक शब्द वेगळा करून त्यांनी विचारले, "ह्यो जोड पुरा करू का बुजवू?"

"पुरा कर," तात्या म्हणाले. "पुरा कर, गड्या."

त्यांनी दार उघडले. डोंगराच्या कडेपर्यंत निळे ठिपके गेले. "हितनं गेलं! माज्या डोक्यावरनं गेलं!" चाचा ओरडले आणि पाठोपाठ लेकीची किंकाळी आली, "लागला! अब्बा, दिवा लागला!"

त्यानंतर काय आवाज झाला ते मला शब्दांत मांडता येणार नाही. मुख्याध्यापक बाकावर उभे राहून टाळ्या वाजवत होते, एवढे सांगते. तात्यांनी फोनला तोंड लावून हळूच म्हटले, "बोल." आणि पलीकडून उत्तर आले, "आलं."

सभागृह शांत झाल्यावर मी मुलांना कारण समजावून दिले. त्या खेळात माणसाच्या आसपासचेच जग जागे असते; जिथे कुणी नसते तो मुलूख झोपतो आणि तिथल्या ठोकळ्यांना काही ऐकू येत नाही. दोन्ही टोकांना माणसे होती, म्हणून टोके जागी होती आणि मधले कुंडल झोपलेले होते. मनातून मी तात्यांवर थोडी नाराज होते. इतक्या काटेकोर माणसाने एवढी उघड गोष्ट कशी नजरेआड केली?

त्या रविवारी चाचा पहिल्या एसटीने कडेगावला आले. पेढ्यांचा पुडा त्यांनी तात्यांच्या हातात ठेवला आणि बजावले, "आदी बोलायचं, मग खायाचं." मग पिशवीतून जुन्या केबलचा तुकडा काढून त्यांनी गच्चीवर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणून बांधला. मध्ये एक सुबक जोड होता. तात्या खाली उभे राहून बघत होते. "तक्रार आली तर तू यायचं," एवढेच ते म्हणाले.

पुढच्या वर्षी माझी साताऱ्याला बदली झाली. सामान बांधत असताना तात्यांनी ती तक्रार वही मला चाळायला दिली. मुलांना नोंदी कशा ठेवायच्या ते दाखवा म्हणाले. मी शेवटच्या पानांवर गेले. प्रदर्शनाच्या आधीच्या आठवड्यातली, मी चाचांची अट सांगितली त्यानंतरची एक नोंद होती. अक्षर नेहमीसारखेच सरळ होते.

दोष : दोन टोकांना दोघेच असता तासगावी दिवा लागत नाही. तीन वेळा तपासले.
कारण : मधला मुलूख झोपतो.
उपाय : कुंडलला माणूस पाहिजे.
दुरुस्ती : करायची नाही. जॉइंटर सांगेल.

चाचणी घेतली का, हे मी विचारले होते. निकाल काय आला, हे विचारले नव्हते. शिक्षिकेने असा अर्धा प्रश्न विचारू नये. मी वही मिटून तात्यांच्या हातात दिली. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मी त्यांच्याकडे पाहिले. मग मी गच्चीवर गेले आणि तारेवर वाळत घातलेली साडी काढून घडी घातली.